फणसाचा बर्गर आणि चिनूचे दात

पाडव्याच्या आधी चार दिवस मी थोरल्या लेकीकडे बालाघाटला पोचले, तेव्हा दारात माझे पहिले स्वागत केले ते एका कुत्र्याच्या पिल्लाने. स्वागत म्हणजे काय, तर माझ्या माहेश्वरी साडीचा काठ दातांत धरून ते मागे मागे ओढू लागले. लेक ओरडली, जावईबापू धावले, नात टाळ्या पिटून हसली, आणि काठाचे चार धागे पिल्लाच्या तोंडात राहिले. साडी महेश्वरहून मी स्वतः आणलेली. तेव्हा पहिल्याच दिवशी मी सांगून टाकले की या घरात एक तर हे राहील, नाही तर मी. तीन महिन्यांनी इंदूरला परत निघाले तेव्हा त्या बोलण्याची आठवण कुणी काढली नाही, हा त्या घराचा चांगुलपणा.

बालाघाट आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. इंदूरहून रात्रीच्या गाडीने जबलपूर गाठायचे आणि तिथून नैनपूरवरून खाली उतरायचे. ही वाट पूर्वी सातपुड्यातल्या छोट्या गाडीची. ती गाडी २०१५ साली बंद झाली आणि आता मोठ्या रुळांवरून डबे धावतात. जंगल मात्र तेच आहे. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. पुढे इंग्रजांनी १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी यांचे तुकडे जोडून जिल्हा केला, आणि १९५६ साली राज्यांची फेरमांडणी झाली तेव्हा नागपूर-भंडारा मुंबई राज्यात गेले नि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. गोंदिया इथून चाळीसेक किलोमीटरवर. त्यामुळे बाजारात हिंदी, शेजारच्या घरात पोवारी आणि वारासिवनी-लांजीकडच्या माणसाच्या तोंडी झाडीपट्टीची मराठी, अशी तिन्ही बोलणी एका सकाळी कानांवर पडतात. वैनगंगा गावाला वळसा घालून जाते, भरवेलीच्या खाणीतून मँगनीज निघते, आणि इथल्या चिन्नोर तांदळाचा भात शिजला की वास शेजारच्या घरापर्यंत जातो. या तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नातीने पिल्लाचे नाव ठेवले ते त्याच्यावरूनच : चिन्नोर, लाडाने चिनू. तांदळासारखा पांढरा म्हणून.

चिनू कुठल्या खानदानाचा नव्हे. आपण संस्थानी गावातली माणसे. मुधोळच्या घोरपड्यांनी जोपासलेले शिकारी कुत्रे आपल्याला ऐकून ठाऊक असतात, रामपूरच्या नबाबांचे ठाऊक असतात, आणि २००५ साली या दोन्ही जातींची टपाल तिकिटेही निघाली. चिनू माघाच्या थंडीत चहाच्या टपरीमागे पोत्यावर सापडलेला. त्याची आई मोटारीखाली गेली होती. नातीने त्याला फ्रॉकच्या ओच्यात घालून घरी आणले आणि ‘एकच रात्र’ म्हणून ठेवून घेतले. अशा एका रात्रीला सकाळ होत नसते, हे लेकरे वाढवलेल्या कुणालाही सांगायला नको.

मी पोचले तेव्हा तो तीन महिन्यांच्या आतला होता आणि जे दिसेल ते चावत होता. चपलांचे पट्टे, केरसुणी, पाटाचा कोपरा, जावईबापूंच्या चष्म्याचे घर. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने नातीच्या हातातली गाठी ओढली आणि गाठीबरोबर तिचे बोटही दातांत आले. रक्ताचे दोन थेंब फरशीवर पडले. आता, आमच्या पिढीचा उपाय म्हणजे हळद दाबायची. लेक म्हणाली, “दुधाचे दात आहेत ग आई, त्याने काय होते!” पण त्या क्षणी मला माझ्या लहानपणची एक गोष्ट आठवली. आमच्या वाड्यातल्या एका मुलाला पिसाळलेले कुत्रे चावले होते आणि त्याला पोटात चौदा इंजेक्शने घेताना मी पाहिले होते. त्याच्याही आधीच्या काळी तर असे रोगी थेट कसौलीला न्यावे लागत, कारण १९०० साली तिथे पाश्चर संस्था निघाली तेव्हा हिंदुस्थानात लस मिळण्याची तीच एक जागा होती. मी नातीचा हात नळाखाली धरला आणि साबण लावून पंधरा मिनिटे धूत राहिले. ती रडत होती, मी धूत होते. मग आम्ही दवाखान्यात गेलो.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले ते असे, की पिल्लू लहान आहे, दात दुधाचे आहेत, घरात पाळलेले आहे, या तिन्ही सबबी रेबीजला चालत नाहीत. रस्त्यावरून आणलेल्या आणि अजून लस न टोचलेल्या पिल्लाच्या चाव्यातून रक्त आले, तर जखमेत औषध भरायचे आणि लसही घ्यायची. ती पोटातली जुनी लस आपल्या देशातून २००५ च्या सुमारास गेली. आता दंडाच्या कातडीत बारीकशी सुई टोचतात. चावल्या दिवशी एक, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. नातीने चारही घेतल्या. पुढच्या आठवड्यात तीन महिने पुरे होताच चिनूलाही टोचून आणले. जनावरांच्या डॉक्टरांनी एक छापील कागद हातात दिला आणि लेकीने तो शीतकपाटाच्या दाराला चिकटवून टाकला. त्या कागदाची गोष्ट पुढे येणार आहे.

दातांचे सगळे गणित मला या डॉक्टरांनीच समजावले. माणसाच्या मुलाला दुधाचे दात वीस, कुत्र्याच्या पिल्लाला अठ्ठावीस. तिसऱ्या आठवड्यापासून ते फुटू लागतात आणि दोन महिन्यांच्या आत सगळे येतात, सुईसारखे. मग चवथ्या महिन्याच्या आसपास पुढचे दात हलू लागतात, पाठोपाठ सुळे, आणि सहा-सात महिन्यांपर्यंत नवे बेचाळीस दात पुरे होतात. या काळात हिरड्या सुजतात, शिवशिवतात, आणि बिचारे मिळेल त्यावर हिरड्या घासते. त्याला मारून उपयोग नाही. दात येणाऱ्या तान्ह्याला आपण मारतो का? योगायोग असा की नात सात वर्षांची. तिचाही पुढचा एक दात हलत होता आणि दिवसभर जीभ तिथेच. घरात दात पाडणारे असे दोघे झाले.

मग मी माझ्या पद्धतीने हात घातला. जुन्या पंचाचा तुकडा भिजवून, गाठ मारून, बर्फाच्या कप्प्यात ठेवायचा आणि कडक झाला की चिनूपुढे टाकायचा. थंड केलेले जाड गाजर द्यायचे. कलिंगडाच्या बिया काढून केलेल्या फोडी गोठवून द्यायच्या. सफरचंदाची फोड द्यायची, पण बिया आणि मधला गाभा काढून. शिजवलेले हाड कधी नाही, कारण ते चिरफाळते आणि आतड्यात रुतते. आंब्याच्या दिवसांत कोय तर मुळीच नाही. ती घशात किंवा आतड्यात अडकून जीव जातो. वैशाखातले बालाघाटचे ऊन, बाहेर लू, आत पंख्याखाली फरशीवर पालथा पडलेला चिनू दोन पंजांत कलिंगडाची फोड धरून कुरतडतो आहे, हे चित्र मला आवडू लागले होते. पण हे मी कुणाला बोलून दाखवले नाही.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मात्र मी रेघ ओढली होती. कुत्रे आत येणार नाही. त्यावर जावईबापू हसून म्हणाले, “आई, खंडोबाला चालते, दत्ताला चालते. धर्मराजाने तर कुत्र्यासाठी स्वर्गाचा रथ अडवून धरला. आपल्याला नको?” मी म्हटले, “धर्मराजाला सोवळ्यात स्वयंपाक करायचा नव्हता.” तरी नामदेवांची गोष्ट आपल्या सगळ्यांच्या घरी सांगितलेली असते. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. ती मीही नातीला सांगितली होती, आणि ती पोर ऐकलेले विसरत नाही. तिच्या ताटातली पोळी रोज अर्धीच संपू लागली.

आता बर्गर. नातीचा वाढदिवस वैशाखात येतो. तिला दुकानातला बर्गर हवा होता, टीव्हीवर दिसतो तसा. हा पदार्थ आपल्याला परका वाटतो, पण इंदूरकरांनी फार नाक मुरडू नये. छप्पन दुकानावरचा बेंजो खाल्लेला माणूस बर्गरला परका म्हणूच शकत नाही. नाव हँबर्ग शहराचे, वाढला अमेरिकेत, आणि आपल्याकडे त्याची मोठी परदेशी दुकाने १९९६ साली आली तेव्हा त्यांना बटाट्याची टिक्की करावी लागली. म्हणजे गोलाकार पावात वडाच तो! पाव पोर्तुगिजांचा, बटाटाही त्यांच्याच जहाजांतून आलेला. आपण फक्त मिरची-कोथिंबीर घालून दोघांनाही आपल्या जातीत घेतले. मी नातीला म्हटले, बर्गर घरी करू, आणि असा करू की तो दुकानात मिळणार नाही. फळांचा.

त्या दिवसांत बालाघाटच्या बाजारात कच्चे फणस येतात. आपल्या माळव्यात याला सगळे कटहल म्हणतात, कोकणात कोवळ्याला कुयरी. फणस मूळचा आपल्या पश्चिम घाटाचा, केरळाने तर २०१८ साली त्याला राज्याचे फळ केले. आणि आता युरोप-अमेरिकेत मांस सोडलेले लोक याच कच्च्या फणसाचे रेषे मांसासारखे शिजवून पावात घालून खातात. आपल्या आज्या श्रावणात करीत होत्या तेच.

कृती देते, कारण नुसत्या गोष्टीवर वाचकभगिनी मला सोडणार नाहीत. सव्वा किलोचा कोवळा फणस घ्यावा. विळीला, हातांना, पाटाला सढळ तेल लावावे, नाही तर चीक दोन दिवस सुटत नाही. साल आणि मधला दांडा काढून फोडी कराव्या आणि मीठ-हळद घालून कुकरला दोन-तीन शिट्या द्याव्या. पाणी पुरते निथळू द्यावे आणि फोडी फडक्यात घालून पिळाव्या. सगळी मेख इथे आहे. पाणी राहिले तर टिक्की तव्यावर फुटते. मग हाताने कुस्करावे, पण पीठ करू नये, रेषा राहू द्यावा. दोन उकडलेले बटाटे, मूठभर भिजवलेले पोहे, चार चमचे खमंग भाजलेले बेसन, आले, हिरवी मिरची, कोथिंबीर, गरम मसाला आणि कैरीचा कीस घालून मळावे. पावाच्या मापाच्या टिक्क्या थापाव्या आणि अर्धा तास गार जागी ठेवून तव्यावर थोड्या तेलात दोन्हीकडून लाल कराव्या. दहा-बारा होतात. पाव घरी करायचे तर अर्धा किलो मैद्याला दोन चमचे सुके यीस्ट. वैशाखाच्या उन्हाळ्यात पीठ पाऊण तासात दुप्पट फुगते, त्यावर विसंबून झोपू नये.

वर अननसाची चकती. ती तव्यावर चिमूटभर साखर आणि मिरपूड टाकून भाजून घ्यायची. कच्चा अननस पनीराला किंवा दह्याला लावला तर त्यातल्या पाचक रसाने सगळे कडू आणि पातळ होते, भाजला की तो दोष जातो. आणि दुकानातल्या तांबड्या सॉसऐवजी मेथांबा. हो, आपला कैरीचा मेथांबा! पावाच्या खालच्या बाजूला तो लावला की गुळाची गोडी, मेथीचा कडवटपणा आणि कैरीची आंबटी, तिन्ही मिळून त्या बापड्या मैद्याला चव येते. लोणी लावू नये. मला तरी जड वाटते.

मेथांब्यात घालायला म्हणून मी वाटीभर बेदाणे भिजत घातले होते. ही माझी हौस, मूळ पदार्थात ते नसतात. वाटी शेजारी पाटावर ठेवून मी विळीवर फणस चिरत होते. हात कोपरापर्यंत तेल आणि चिकाने माखलेले. नात फुगे फुगवीत होती. मी ओढलेली उंबऱ्याची रेघ चिनूने केव्हा ओलांडली ते कळलेच नाही. मान वळवली तेव्हा वाटी पालथी होती आणि तो शेवटचे दोन-चार बेदाणे जिभेने गोळा करीत होता. मी हसले. खरेच सांगते, हसले. म्हटले, “घ्या, लाडोबांनी वाढदिवसाचा खाऊ आधीच खाल्ला!”

नातीने हसून पाहिले आणि एकदम तिचा चेहरा उतरला. ती शीतकपाटाकडे धावली. तो छापील कागद तिने पाठ केला होता. नवे वाचायला शिकलेले मूल दिसेल ते वाचते. मी महिनाभर त्याच्यावरून हात फिरवून दार उघडीत होते आणि चष्मा लावून एक ओळ वाचली नव्हती. त्यात लिहिले होते : कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे, बेदाणे, मनुका यांतले काही कुत्र्याला देऊ नये.

मी म्हटले, मिठाचे पाणी पाजू, उलटी होईल. लेकीने तोवर डॉक्टरांना फोन लावला होता. ते पलीकडून म्हणाले, मिठाचे पाणी अजिबात नको, त्या मिठानेच पिल्लू दगावेल, तसेच उचलून आणा, दोन तासांच्या आत. जावईबापूंनी मोटारसायकल काढली, लेक चिनूला दुपट्यात गुंडाळून मागे बसली. मी चिकाचे हात घेऊन दारात उभी. मला दाराची कडीही धरता येत नव्हती.

द्राक्षांनी आणि बेदाण्यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते, हे पशुवैद्यांना बरीच वर्षे ठाऊक होते, पण का ते उमगत नव्हते. एखादा कुत्रा मूठभर खाऊन खुशाल राहतो, एखादा चार दाण्यांनी जातो. २०२१ साली अमेरिकेतल्या काही पशुवैद्यांनी द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. तेच आम्ल आपल्या चिंचेतही भरपूर असते. म्हणजे चिंचगुळाच्या आमटीत कालवलेला उरलासुरला भात कुत्र्यापुढे टाकण्याची आपली जुनी रीतही धोक्याचीच. कांदा वेगळ्या तऱ्हेने मारतो, तो रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. टिक्कीत मी कांदा घातला नव्हता तो निव्वळ नातीला आवडत नाही म्हणून.

संध्याकाळी सहाला मुले येणार होती. कणीक फुगून परातीबाहेर आली होती, फणस अर्धा चिरलेला. शेजारच्या पोवार काकू आल्या, त्यांनी न विचारता पदर खोचला, माझ्या हातांना आधी तेल आणि मग डाळीचे पीठ चोळून चीक काढला, आणि म्हणाल्या, “बाई, लेकरं तं येतीलच.” आम्ही दोघींनी मिळून पाव भाजले, टिक्क्या तळल्या. त्यांनी मसाल्यात आपल्या घरची जवसाची चटणी घातली, आणि मी लिहून ठेवते की ती सुधारणा होती. मुले आली, खाऊन गेली, अननसाच्या चकत्या एकेकाने दोन दोन मागितल्या. नातीने केक कापला आणि एक घास खाल्ला नाही. तिच्या वाटचा बर्गर तिने झाकून ठेवला.

रात्री साडेनऊला ते तिघे परत आले. डॉक्टरांनी सुई देऊन उलटी करवली होती, बेदाणे जवळजवळ सगळे तसेच बाहेर पडले होते. पण पोटात काय राहिले ते दिसत नाही. म्हणून सलाईन लावून, पुढले दोन दिवस सकाळ-संध्याकाळ न्यायचे आणि तिसऱ्या दिवशी रक्त तपासायचे ठरले. लघवी होते आहे ना, यावर डोळा ठेवा, असे बजावले होते. त्या दोन रात्री मी चिनूच्या शेजारी सतरंजी टाकून झोपले. लेक नको म्हणत होती. पण वाटी पाटावर मी ठेवली होती. पहाटे तीनला तो उठून अंगणात गेला की मी कंदिलाऐवजी मोबाईलचा दिवा धरून मागे उभी राहायची, आणि त्याने पाय वर केला की हायसे वाटून ‘विठ्ठल’ म्हणायची. साठ वर्षांच्या नामस्मरणात अशा कारणासाठी ते नाव मी कधी घेतले नव्हते.

तिसऱ्या दिवशी रक्त चांगले निघाले. डॉक्टर म्हणाले, लवकर आणले म्हणून. नातीने घरी येऊन शीतकपाटातला झाकलेला बर्गर काढला. पाव दगड झाला होता. टिक्की तेवढी तव्यावर परत गरम करून दिली, ती तिने मेथांब्याशी खाल्ली. बेदाणे न घातलेल्या मेथांब्याशी. त्या टिक्कीच्या शेवटच्या घासातच तिचा हलणारा दात पडला.

जेठात निघण्याच्या आदल्या दिवशी मी ओसरीवर बरोबर न्यायचा चिन्नोर निवडीत बसले होते. सुपाबाहेर फरशीवर एक दाणा दिसला, जरा जाडच. उचलला तर तो पिल्लाचा दात. बहुतेक पिल्ले आपले दात गिळून टाकतात म्हणे, हा कसा राहिला कोण जाणे. नातीने तो धुतला, करंड्यात जपून ठेवलेला आपला दात काढला, आणि दोन्ही एका कागदात बांधून ‘वर जाऊ दे’ म्हणून छपरावर भिरकावले. पुडी पन्हाळीला लागली, घरंगळली आणि परत अंगणात पडली. चिनू धावला, हुंगून पाहिले, आणि पुडी तोंडात धरून पेरूच्या झाडामागे गेला. नात त्याच्यामागे, आणि तिच्यामागे मी, हातातले सूप तसेच टाकून.